मंगल्याला मिशी नव्हती

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर उभे राहा. दारव्ह्याहून निघालेली काळीपिवळी जीप जिथे शेवटचा प्रवासी उतरवते, तिथे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे असं समजा. दिवाळी होऊन गेली आहे. सोयाबीन निघालंय, कापूस फुटलाय. या दिवसांत भर दुपारी तांड्यात म्हाताऱ्यांशिवाय कोणी सापडत नाही, सगळे वेचणीला जातात. पण आज बघा, कडुनिंबाखाली सगळा तांडा लोटला आहे. शेजारच्या तांड्यांतलीही माणसं आली आहेत. टाचा उंच करा, नाहीतर काही दिसणार नाही. तुमच्या पुढे फांदीला धरून उभी आहे ती वर्षा. सातवीत शिकते. तिच्या खांद्यावरून बघा.

लाल कापडाचा मांडव. मागे पडदा. पुढे प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर वाघाचं चित्र असलेली जाड चादर, आणि त्या वाघाच्या तोंडावर ऐसपैस बसलेले सपनगुरू महाराज.

"आधी रात का सपन चांदी!" महाराज गरजले. "भोर का सपन सोना! और दिवाली का सपन?"

"हिरा!" गर्दी ओरडली. सकाळपासून तिला हे पाठ झालं होतं.

"हिऱ्याची पारख कोण करतो? सराफ. सपनाची पारख कोण करतो?"

"सपनगुरू!"

तांड्यातली माणसं घरात गोरबोली बोलतात. तुम्हाला समजावं म्हणून मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगतो आहे. फक्त दोन शब्द तसेच ठेवतो, याडी आणि भिया. याडी म्हणजे आई, भिया म्हणजे भाऊ.

वर्षाची याडी जमनी तेव्हा महाराजांसमोर बसली होती. पदराच्या गाठीत तिने स्वतःच्या चुलीतली राख आणली होती. महाराजांचा तसा नियमच होता: राख ज्याच्या त्याच्या चुलीची.

"बोलू नको, माई. तोंड बंद. तुझं सपन मी सांगतो." महाराजांनी डोळे मिटले. "दिवाळी होती. दिवे लागले होते. घर माणसांनी भरलं होतं. अन् जो आता या दुनियेत नाही, तो दारात उभा होता. खरं का खोटं?"

जमनीने तोंडावर पदर घेतला. तिच्या खोकल्याने आणि रडण्याने तिला बोलू दिलं नाही. तिने नुसती मान हलवली.

महाराजांनी बाही वर केली आणि उघडा हात सगळ्यांना फिरवून दाखवला. हात स्वच्छ. त्यावर जमनीच्या चुलीची राख टाकली, तळव्याने चोळली, एक फुंकर मारली. हातावर करडी अक्षरं उमटली होती. पुढे बसलेल्या नेमसिंगने ती मोठ्याने वाचली.

"जीवन!"

गर्दीतून जो आवाज आला, तो शब्द नव्हता. बायकांनी हात जोडले. फांदीला धरलेल्या वर्षाच्याही अंगावर काटा आला. मी खोटं सांगत नाही, तिला तो चमत्कारच वाटला. जीवन तिचा थोरला भाऊ. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेला.

"पोरगा दाराशी येतो, पण आत येत नाही. काहून?" महाराज म्हणाले. "तू कडू खातेस! आईच्या तोंडातला घास पोराले पोचते. तुझ्या तोंडात गोळी, त्याच्या तोंडात जहर. गोळ्या सोड, माई. बघ, उंबरठा ओलांडतो का नाही."

आता या गोळ्यांचं सांगायला हवं. जमनीला क्षयरोग झाला होता. गावातल्या आशा कार्यकर्त्या विमलताई दर महिन्याला गोळ्यांच्या पट्ट्या आणून देत. ताप उतरला होता, अंगावर थोडं मांस धरत होतं. "बरं वाटलं म्हणून सोडू नको बरं," असं त्या प्रत्येक वेळी बजावत. "अर्ध्यात सोडलं तं रोग शहाणा होते, मंग ह्याच गोळ्या त्याले काही करत नाहीत."

त्या संध्याकाळपासून जमनीने गोळ्या सोडल्या.

वर्षाचा बाप ऊसतोडीला गेला होता, दूर, कोल्हापूरकडे. कारखाना लवकर सुरू झाला म्हणून टोळीला दिवाळीआधीच निघावं लागलं. तांड्यातली निम्मी घरं अशीच अर्धी रिकामी. वर्षाने याडीला विनवलं, ती रागावली, तिने गोळ्या पिठात घालून पाहिल्या. जमनीने घास थुंकून टाकला. आठवड्यात ताप परत आला.

महाराज पुन्हा आले तेव्हा त्यांचा मुक्काम तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, पूनमसिंग यांच्या ओसरीवर होता. त्यांना तांड्यात आणलं फुलचंदने. फुलचंद कोणी परका नव्हता. मोटरसायकलवर गठ्ठा बांधून वर्षानुवर्षे चादरी विकायला येणारा माणूस. वाघाची चादर त्याच्याच गठ्ठ्यातली. "मी महाराजांचा चेला झालो, काका. माझं जीवनच बदललं," असं तो दारोदार सांगे. आता रांगही तोच लावत होता. कोणाची पाळी ते तो पडद्याआड जाऊन सांगे, मग महाराज आत जाऊन हातपाय धूत, ध्यान लावत, मोबाइलवर भजन वाजे, आणि भजन संपलं की बाहेर येत.

"बाबा, पोरगा अजून दारातच हाये," जमनी म्हणाली.

महाराज आत जाऊन ध्यान लावून आले. राख चोळली, फुंकर मारली. या वेळी अक्षरं वेगळी होती.

"मंगल्या!" नेमसिंगने वाचलं.

जमनी गोंधळली. "असा आमच्यात कोणी नाही, बाबा."

"तुले माहीत नसंल. जुनं खोड हाये. तुझ्या सासऱ्याचा आजा असंल, पणजा असंल." महाराजांनी डोळे बारीक केले, जणू समोर कोणी उभंच आहे. "लाल पागोटं. हातात लाठी. मिशी अशी, पीळ भरलेली! हा म्हातारा तुझ्या पोराले आत येऊ देत नाही. याची शांती करावी लागते."

"अर्र्," हंसाबाई काकी म्हणाल्या. "मेला म्हातारा आडवा पडला का मधात!"

सगळ्यांनी मान डोलवली. वर्षा मात्र फांदी सोडून घराकडे पळाली.

मंगल्या कोण, हे तिला ठाऊक होतं. मंगल्या म्हणजे त्यांचं वासरू. घरात सगळे त्याला नुसतं गोऱ्हा म्हणत. मंगळवारी जन्मलं म्हणून मंगल्या हे नाव जीवनने ठेवलं होतं. रानात चारायला नेताना तो आणि वर्षाच ते नाव घेत. जीवननंतर गुरांच्या लम्पी रोगाच्या साथीत तेही गेलं.

मुलांनो, अशा वेळी तुमच्या मनात काय आलं असतं? वर्षाच्या मनात पहिल्यांदा भीतीच आली. मंगल्याचं भूत झालं की काय? ती चुलीपुढे बसली आणि घाबरत घाबरत विचार करू लागली. घाबरत का होईना, विचार करत राहिली. याला मी धीट म्हणतो.

मंगल्याचं नाव आपण शेवटचं कधी घेतलं? दिवाळीला, या चुलीपुढे.

बंजाऱ्यांच्या घरी दिवाळीला धबुकार करतात. चुलीतल्या विस्तवावर तूप आणि लापशी घालायची आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची: अमक्या, जेव, तमक्या, जेव. घरचा कर्ता पुरुष हे करतो. यंदा बाप नव्हता, याडी अशक्तपणामुळे मागच्या खोलीत पडलेली. म्हणून वर्षाने केलं. आजाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, जीवनचं घेतलं, आणि जीवन एकटा जेवत नसे म्हणून हळूच म्हणाली, "मंगल्या, तूही खा."

आपण नाव घेतलं ते आपल्याला, विस्तवाला आणि मेलेल्यांनाच ऐकू गेलं, असं सगळ्या तांड्याला वाटतं. तिलाही वाटत होतं. पण त्या सकाळी दारात बसून पळसाच्या द्रोणात लापशी कोण खात होतं? सणाला दारी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, हीही तांड्याची रीतच. त्याने दिवाळीच्या दिवशी याच्या दारी लापशी खाल्ली, त्याच्या दारी खाल्ली, आणि गठ्ठा बांधून निघून गेला. वाघाच्या चादरी विकणारा फुलचंद!

नावं कुठून आली ते कळलं. पण हातावर कशी उमटली? ते तिला भांड्यांनी शिकवलं. त्या दुपारी तिने आधी कपडे धुतले. मग मनगट कोरडं झाल्यावर भांडी घासायला चिमूटभर राख घेतली, तर मनगटावर करडी रेघ उठली. पुसली तरी तिथेच. कपडे घासताना साबणाची वडी तिथे घसरली होती, आणि वाळलेल्या साबणाला राख धरून बसली होती. वर्षाने ओला साबण काडीने हातावर फिरवला, अक्षरं काढली, वाळू दिली. काही दिसेना. राख चोळली, फुंकर मारली.

ती एकटीच मोठ्याने हसली. जीवन गेल्यापासून ती इतकं हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गर्दीतून वाट काढत थेट मांडवात गेली.

"महाराज, त्या मंगल्याबद्दल विचारायचं होतं."

"बोल बेटी! सपन पडलं?"

"व्हय. पण तोच होता का दुसरा कोणी, हे मले समजून नाही राह्यलं. मिशी कशी होती त्याची?"

"अशी! कानापर्यंत!" महाराजांनी दोन्ही हातांनी पीळ दिला.

"अन् शेपूट?"

महाराजांचे हात कानाशीच राहिले.

"मंगल्या आमचं वासरू होतं," वर्षा गर्दीकडे वळून म्हणाली. "लम्पीत गेलं. नेमसिंगदादा, तू जीवनभियासोबत चारायले जाय. सांग, मंगल्या कोण?"

नेमसिंगने डोक्याला हात लावला. "अरे व्हय का नाही! मंगल्या! जीवन त्याले रानात हाका मारे ना! बापा, मी सोताच काल वाचलं अन् मले उमगलं नाही!"

"वासराले पागोटं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अन् लाठी कोणत्या खुरात धरे, महाराज?"

हसण्याची लाट कडुनिंबाखालून नाईकाच्या ओसरीपर्यंत गेली. फुलचंद पडद्याकडे सरकला.

"थांबा, फुलचंदकाका. माझ्याही हाती नाव येते." वर्षाने बाही वर केली, ओढणीच्या गाठीतली राख चोळली, फुंकर मारली. नेमसिंग पुढे झाला आणि वाचू लागला.

"फु... फुलचंद!"

"काका, तुम्ही कधी मेले?" वर्षाने विचारलं.

हंसाबाई काकी हसता हसता खालीच बसल्या. मग वर्षाने साबणाची वडी दाखवली, दिवाळीच्या लापशीची आठवण करून दिली, कोणाकोणाच्या दारी फुलचंद जेवला ते विचारलं. एकेक हात वर होऊ लागला. ज्याच्या ज्याच्या घरचं नाव महाराजांच्या हातावर उमटलं होतं, त्याचा हात वर होता. पूनमसिंग नाईक उठले आणि म्हणाले, "गाडी काढा, महाराज. पोरं हसून राह्यली तोवरच काढा."

आणि स्वप्न? ते कोणी न सांगता महाराजांनी कसं ओळखलं? त्याला साबणही लागत नाही. ज्या तांड्यातली निम्मी माणसं उसाच्या फडावर आहेत, जिथे दिवाळीला ताटं कमी वाढली गेली, तिथे रात्री स्वप्नात ती ताटं कोण भरणार नाही? पोटभर जेवलेल्याला जेवणाचं स्वप्न क्वचित पडतं. भरलेलं घर, दिवे आणि दारात गेलेलं माणूस, एवढं सांगितलं की शंभरातल्या नव्वदांना आपलंच वाटतं. ज्या दहांना वाटत नाही, ते गर्दीपुढे बोलत नाहीत.

इथे गोष्ट संपली असती, तर मी सुखाने झोपलो असतो. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

महाराजांची गाडी पलीकडच्या तांड्यात जाऊन थांबली. तिथेही लापशी झाली होती, तिथेही दारात द्रोण दिले गेले होते. हसणाऱ्यांतलेच काही जण संध्याकाळी म्हणू लागले, "वासरू झालं म्हणून काय झालं? त्यालेही जीव होता. नाव तं खरंच निघालं ना?" हंसाबाई काकींनी महाराजांचा दोरा गळ्यातून काढला, पण फेकला नाही. खुंटीला टांगला. "असू दे. खात नाही तो काही."

वर्षा मांडवातून धावत घरी गेली तेव्हा जमनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं अंग चुलीसारखं तापलं होतं.

"याडी, बाबा खोटा निघाला! सगळ्यांसमोर! आता गोळ्या खा."

"मले समजलं," जमनी म्हणाली. "हसण्याचा आवाज इथवर आला."

"मंग?"

"बाबा खोटा असंल. सपन कुठं खोटं हाये? सपन तं मलेच पडते ना. काल जीवन आत आला, वर्षे. उंबरठा ओलांडून आला. लापशी मागितली. गोळ्या खात होती तोवर येत नव्हता."

दुसऱ्या दिवशी विमलताई आल्या. त्यांनी जमनीच्या कपाळाला हात लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी शांतपणे समजावलं. "जमने, ऐक व. ताप चढला की सपनं जास्त पडतात, अन् खऱ्यावानी पडतात. गोळ्यांनी ताप उतरला होता म्हणून सपनं कमी झाली होती. पोरगा गोळीले भेत नाही, माय. ताप त्याले आणते."

जमनीला सगळं कळलं होतं. ती अडाणी नव्हती, वेडी नव्हती.

"मंग ताप राहू दे," ती म्हणाली.

विमलताईंनी गोळ्यांची पट्टी तिच्या उशाशी ठेवली. बाहेर येऊन त्यांनी वर्षाला एवढंच सांगितलं की बापाला बोलावून घे, दारव्ह्याला नेऊन पुन्हा तपासावं लागेल, आणि आधीच उशीर झाला आहे. बापाला फोन लागला. मुकादम सोडत नाही, तो म्हणाला, बघतो.

हंसाबाई काकींनी एक उपाय सांगितला. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी वर्षाला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, सोपं काम हाये. सकाळी उठून सांग, जीवनभिया माझ्या सपनात आला अन् म्हणे, याडीले गोळी खायले लाव. एका झटक्यात खाईल बघ."

वर्षाने नकारार्थी मान हलवली.

"काहून? आपल्या मायसाठी एवढं खोटं नाही बोलवत?"

"खाईल, काकी. मले माहीत हाये, खाईल," वर्षा म्हणाली. "पण उद्या जीवनभियाच्या नावानं दुसरा कोणी येईल अन् म्हणंल, विहिरीत उडी घे. तेही ऐकंल ती. मंग मीही बाबाच झाली ना."

मुलांनो, वर्षाने ते खोटं बोलायला हवं होतं का? मी खूप विचार केला. तिचं बरोबर होतं असं मला वाटतं, पण हे मी सुखात बसून म्हणतो. तिला ते आईच्या खाटेशी उभं राहून ठरवावं लागलं. स्वप्न आपल्याच मनातून येतं. दुसऱ्या कोणाजवळ त्याची किल्ली नसते, भगवं घातलेल्याजवळ नाही आणि चादर विकणाऱ्याजवळ नाही. कोणी तुमचं दुःख तुमच्याआधी सांगू लागला, तर हात जोडण्याआधी विचारा, याला हे कोणी सांगितलं? आणि जो तुमचं औषध सोडायला लावतो, तो कितीही गोड बोलला तरी तुमचा नाही. हे लक्षात ठेवा. पण हेही ठेवा की लबाडी उघडी करणं हे अर्धंच काम आहे. महाराजांनी जमनीला फसवलं, पण त्याआधी तिचं स्वप्न त्यांनी ऐकल्यासारखं केलं. घरात ते कोणी ऐकलं नव्हतं. जीवनचं नाव निघालं की सगळे उठून जात. वर्षासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाने चूल पेटवली, पाणी गरम केलं, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि याडीच्या खाटेजवळ जमिनीवर बसली.

"रात्री काय दिसलं?" तिने विचारलं.

जमनीने संशयाने पाहिलं. "कायले पायजे तुले?"

"अशीच. सांग ना."

जमनी हळूहळू सांगू लागली. दिवे कुठे कुठे होते. जीवनने कोणता शर्ट घातला होता. वर्षाचा बाप कसा हसत होता. मध्ये खोकला आला की ती थांबे, आणि वर्षा थांबे.

"अन् मी?" वर्षाने विचारलं. "मी कुठं होती?"

जमनी आठवत राहिली. "तू... तू दिसली नाही, पोरी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने मान वळवून वर्षाकडे नीट पाहिलं. मग तिच्या तळहाताकडे. हात मात्र तिने पुढे केला नाही.

शाळेला निघालेली पोरं दारावरून हाका मारत गेली. वर्षा उठली नाही. तळहात तसाच पुढे धरून ती म्हणाली, "असू दे. पुढं सांग."